बारावा मुक्काम

जेवायला बसलं की दीर आधी शिवी हासडायचा आणि मग घास उचलायचा. चार वर्षांत घराला त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी तो विसरला असता तर जाऊबाईनं आठवण करून दिली असती.

"ज्यानं ही अवदसा आपल्या डोंगरावर आणली, त्याचे हात झडोत," दीर म्हणायचा. दर वेळी रागानंच म्हणायचा असं नाही, मीठ मागावं तसं म्हणायचा. मग जेवायचा.

अवदसा म्हणजे एक झुडूप. कमरेएवढं, काटेरी, अंगभर बारीक पिवळी फुलं. आधी वरच्या कुरणात इथं एक, तिथं एक दिसायचं. कोणी लक्ष दिलं नाही. मग एका उन्हाळ्यात वणवा लागला, गवत जळालं, आणि पुढच्या वर्षी गवताच्या जागी हेच उठलं. मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत. आत शिरली की लोकर काट्यांत गुंतते, कोकरं अडकतात आणि ओरडून ओरडून तिथंच मरतात. यंदा वरचं कुरण संपल्यातच जमा होतं. दिरानं अर्धा कळप देऊन टाकला होता. उरलेला अर्धा डोंगराच्या धारेपलीकडच्या दरीत न्यायचा, एवढा एकच मार्ग उरला होता. ती दरी अजून हिरवी होती. तीही गेली तर मेंढरं मोडायची आणि कुठंतरी फाटकावर पहारेकरी होऊन बसायचं, असं तो म्हणायचा. हे मात्र तो मीठ मागितल्यासारखं म्हणायचा नाही.

मधवाली मान खाली घालून जेवायची. ती त्याची मोठी वहिनी. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. पूर्वी गाव तिला मधवाल्याची बायको म्हणायचं. पुढं लोकांनी एवढं लांबलचक म्हणायचा कंटाळा केला आणि ती नुसती मधवाली झाली. परसात तिच्या नऊ पेट्या होत्या, पोटापुरता मध निघायचा, आणि एकटी पडल्यावर दिरानंच तिला आपल्या घरात घेतलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. शिवी ऐकली की ती पाण्याचा तांब्या जवळ ओढायची. घोटानं घास खाली ढकलायची आणि स्वतःला सांगायची, एका काडीनं कुठं डोंगर भरतो का.

कारण ती काडी तिनं पाहिली होती.

शेंगा धरल्या होत्या, पण अजून हिरव्या होत्या, अशा दिवसांत नोंदवाली आली. तरुण पोर, उन्हानं नाक सोललेलं, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. कचेरीनं तिला या झुडपांची नोंद करायला पाठवलं होतं आणि गावात दुसरीकडं जागा नव्हती म्हणून दिरानं तिला लोकरीची खोली झाडून दिली. पहिल्याच संध्याकाळी दिराची शिवी ऐकून ती हसली.

"तुमच्या एकट्याचं दुखणं नाही हे," ती म्हणाली. "कुठं कोणी तळ्यात हौसेनं एक मासा सोडला, त्यानं बाकीचे सगळे खाल्ले. कुठं मुठीएवढ्या गोगलगायी भाजीपाला फस्त करतायत. कुठं बोटीच्या पोटात बसून मुंग्या आल्या. जगभर माझ्यासारखे लोक हिंडतायत आणि सगळ्यांची मिळून एक यादी होतेय. काय आहे, कुठं आहे, कधीपासून आहे आणि कसं आलं."

"यादी करून झाडं मरतात का?" जाऊबाईनं विचारलं. तिला फुकटचं बोलणं खपायचं नाही.

"नाही मरत, काकू. पण सगळ्या जाळ्या सापडल्या, तर बी पडायच्या आत माणसं लावून खणून काढता येतात. एक जरी राहिली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेंगा काळ्या पडायला अजून दहा-बारा दिवस आहेत. तेवढाच वेळ आहे माझ्याकडं."

"आणि कोणी आणलं, तेही लिहिता?" दिरानं विचारलं.

"कळलं तर लिहिते. बहुतेक ठिकाणी तो रकाना रिकामाच राहतो. लोक कानांवर हात ठेवतात."

"ठेवणारच," दीर म्हणाला. "सापडला तर मला आधी सांगा." मग त्यानं ताटावरून मान वर केली. "आणि हे बघा, वाट दाखवायला आमच्या वहिनीला न्या. दादाबरोबर पेट्या घेऊन अख्खा डोंगर फिरलीय ती. तिला दगडन् दगड ठाऊक आहे."

झालं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. नोंदवालीचं काम बघायला मोठं मजेचं होतं. जाळी दिसली की ती आधी चारी बाजूंनी फीत लावायची. फितीचं एक टोक मधवालीनं धरायचं. मग हातभर लांबीरुंदीची एक लाकडी चौकट जमिनीवर टाकायची आणि आतली रोपं मोजायची. एक फांदी तोडून जुन्या वर्तमानपत्रात दाबायची. शेवटी सगळ्यांत जाड खोड करवतीनं कापायचं आणि भिंगातून त्याची वर्तुळं मोजायची. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष.

"आमच्या पेटीत अशीच चौकट असते," मधवाली म्हणाली.

"त्यात काय मोजता?"

"आम्ही नाही मोजत. माशा भरतात, आम्ही काढून घेतो."

पहिली मोठी जाळी होती पडक्या भिंतीपाशी. नोंदवालीनं खोड कापलं, भिंग लावलं आणि ओठ हलवत बराच वेळ मोजत बसली. "बावीस," ती म्हणाली. "की तेवीस? इथं जरा पुसट आहे."

तेवीस, हे मधवालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं पदराला तोंड पुसलं.

तेवीसच. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा लग्नाआधी बंदराकडच्या एका मोठ्या मधवाल्याकडं कामाला होता. उस्ताद म्हणायचा तो त्याला. तिथून निघताना उस्तादानं एक पेटी दिली आणि खिडकीतल्या कुंडीतली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. थंडीत काही फुलत नाही तेव्हा ही फुलते, म्हणाला, माशा उपाशी मरत नाहीत. परसात पेटीमागं एका कुंडीत ती काडी रुजली. पुढं पेट्या वाढल्या, फुलोऱ्याच्या मागं डोंगर चढायची वेळ आली, तेव्हा नवऱ्यानं तिच्याच फांद्या तोडून बरोबर घेतल्या.

पेट्या वाहायला एक खेचर होतं. त्याचं नाव साहेब, कारण स्वतःला वाटेल तेव्हाच तो उठायचा. साहेब पुढं, नवरा त्याच्या बाजूनं पेट्यांना हात देत आणि मागं ती, डोक्यावर भांडी. उजाडता उजाडता मुक्कामाला पोचायचं. नवरा चार चपटे दगड शोधून पेटीची बैठक मांडायचा. चौथ्या दगडाखाली कायम एक लहान खडा लागायचाच. मग पेलाभर पाणी काठोकाठ भरून दगडांवर ठेवायचा. एक थेंब सांडला तरी पुन्हा मांडणी. ती पोटात भूक घेऊन बघत उभी राहायची आणि मनात म्हणायची, माशांचं घर बांधतोय की राजवाडा.

आणि शेवटी पेटीच्या तोंडाशी ती काडी खोचायचा. "नवी नवरी घरात आली की तिला माहेरचं एखादं भांडं तरी ओळखीचं लागतं," तो म्हणायचा. "माशीचंही तसंच. दार उघडल्यावर ओळखीचं काही दिसलं की ती वाट चुकत नाही." त्या काडीचं नाव त्यानं ठेवलं होतं पाहुणी. पुढच्या वर्षी त्या वाटेनं जाताना तो आधी बघायचा काय, तर पाहुणी रुजली का. रुजलेली असली की दिवसभर शीळ वाजवायचा. फुललेल्या झुडपापाशी पेट्या बघून लोक समजायचे, माशा झुडपाकडं गेल्या. झुडूप माशांकडं गेलं होतं, हे ठाऊक होतं दोघांनाच.

त्यातला एक जण तर आता गेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवस जात राहिले. वारा कोरडा होता, ओठ फुटायचे. नोंदवाली मधवालीला मावशी म्हणायला लागली. दुपारी दगडाच्या सावलीत दोघी शिदोरी सोडायच्या आणि नोंदवाली काहीबाही विचारायची. मावशी, इथं पाणी कुठं? मावशी, हे डबकं आटतं का? मधवाली सांगायची. सांगता सांगता तिच्या तोंडून भलतंच निघायचं. या खडकाला टेकून माझी मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली. इथं साहेब घसरून पडला आणि तीन तास उठला नाही. आम्हीही मग तिथंच जेवलो, तिथंच झोपलो. इथं गारा पडल्या तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतःचं कांबळं पेट्यांवर टाकलं, माझं नाही टाकू दिलं. नोंदवाली हसायची आणि फीत गुंडाळायची. इतक्या वर्षांत हे कोणी तिला विचारलं नव्हतं. मुलगी लांब दिलेली, तिला फोनवर बोलायला वेळ नसायचा. संध्याकाळी उतरताना मधवालीचे पाय दुखायचे, पण मन हलकं असायचं, आणि मग घर दिसलं की पुन्हा जड व्हायचं.

आठव्या दिवशी संध्याकाळी नोंदवालीनं लोकरीच्या खोलीत आपली पाटीएवढी काचेची फळी काढली आणि डोंगराचा नकाशा उघडला. त्यावर तांबडे ठिपके होते. अकरा.

"या, बघा मावशी. एवढं चाललात, काय केलं ते तरी बघा." तिनं बोट ठेवलं. "माझं डोकं चालेना झालंय. ही शेंग तडकली की बी चार हात उडतं, चार मैल नाही. पाखरं हे बी खात नाहीत. मग हे डोंगरभर गेलं कसं? आणि वयं बघा. खालचं तेवीस, मग बावीस, मग वीस, एकोणीस. वर वर ओळीनं कमी होत जातात. जिथं म्हणून जाळी आहे तिथं जवळ पाणी आहे, आणि वारा लागणार नाही असा आडोसा आहे. हे आपोआप आलेलं नाही. हे कोणीतरी चालत नेलंय."

मधवाली खाली वाकून बघत राहिली. तिच्या लग्नात फोटो काढायला कोणी नव्हतं. मुलीचा लहानपणाचा एकच फोटो होता, तोही पाण्यात गेला. आणि इथं काचेवर तिचा सगळा संसार एका ओळीत मांडून ठेवला होता. पडकी भिंत. साहेब पडला ती घळ. पाऊल टाकलं तो खडक. गारा. नवऱ्याला ताप भरला आणि तिनं एकटीनं पेट्या सांभाळल्या ते पठार. तिला भडभडून आलं. किती सुंदर दिवस होते ते, आणि त्यांनीच ही वाट लावली. एका काडीनं डोंगर भरत नाही खरं. पण अकरा काड्यांनी भरतो.

आणि तिला दिसलं, की अकराव्या ठिपक्यावरून बोट धार ओलांडून पलीकडं जायला हवं. तिथं अजून एक ठिपका हवा. झऱ्याच्या उगमापाशी. ते पाणी खाली हिरव्या दरीत उतरतं.

"धारेपलीकडं काही आहे का हो?" नोंदवालीनं नेमकं विचारलं.

दीर उंबऱ्यात बसून मेंढीचे खूर कापायची सुरी घासत होता. त्याचा हात थांबला.

"तिकडं काही नाही," मधवाली म्हणाली. "नुसते दगड आहेत."

"देव पावला," दीर म्हणाला आणि पुन्हा सुरी घासायला लागला. "चार दिवसांत कळप तिकडंच काढतोय. तेवढंच उरलंय आता."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. खोटं बोलून झाल्यावर माणूस काय करतं हेही तिला नीट माहीत नव्हतं, म्हणून ती उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी नोंदवाली कागद लावत घरीच बसणार होती. मधवालीनं पहाटेच कुदळ उचलली, हाताला फडकी गुंडाळली आणि पेट्यांना आडोसा करायला पाला आणते असं जाऊबाईला सांगून निघाली. बेत साधा होता. बारावी पाहुणी आपणच गुपचूप काढायची. दरी वाचेल, दिराची मेंढरं वाचतील, आणि गेलेल्या माणसाच्या नावाला धक्का लागणार नाही. हातासरशी होणारं काम, असं तिला वाटलं होतं.

ती इथं नऊ वर्षांत फिरकली नव्हती. हा शेवटचा मुक्काम. इथंच एका सकाळी नवऱ्यानं पेटीचं झाकण उचलायला उजवा हात लावला आणि हात उठलाच नाही. तो आपल्या हाताकडं बघत राहिला, दुसऱ्याच कोणाची वस्तू आपल्याकडं राहिलीय असा. दगड कसेबसे मांडून झाले होते. काडी खोचायची राहिली होती. "तू लाव," तो म्हणाला. तिनं लावली, पायानं माती दाबली. "तुझ्या हातची आहे. जास्त फुलेल," तो म्हणाला. महिन्याभरात दुसरा हातही गेला.

धार ओलांडून ती खाली उतरली आणि उभीच राहिली. तिनं एक काडी लावली होती. समोर चार मेंढवाडे मावतील एवढं रान होतं. त्याचा शब्द खरा झाला होता. झऱ्याच्या दोन्ही काठांनी कोवळी रोपं खाली उतरायला लागली होती, आणि शेंगांच्या कडा काळसर झाल्या होत्या.

तरी तिनं कुदळ घातली. एका कडेनं सुरुवात केली. फांद्या दाबून धरायच्या, बुंध्यापाशी घाव घालायचा, मूळ हलवून ओढायचं. काटे फडक्यातून आत गेले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिची सात झुडपं निघाली होती. कंबर सरळ होईना, तळहात सोलले होते, एक काटा अंगठ्याच्या नखाखाली मोडून बसला होता. ती मातीतच बसली आणि रडली. दमून रडली, त्याची आठवण येऊन रडली आणि स्वतःच्या मूर्खपणावर रडली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आईनं तिला लहानपणीच सांगितलं होतं.

घरी आली तेव्हा जाऊबाईनं तिचे हात बघितले. चुलीपाशी बसवून तिनं सुईनं नखाखालचा काटा काढला आणि तेल लावलं. "पाला कुठाय?" एवढंच नंतर म्हणाली.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. दिराची नजर वहिनीच्या हातांवर गेली. त्याचा चेहरा उतरला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचं डोकं विंचरायलाही तीच असायची. आज तो मीठ मागितल्यासारखं बोलला नाही. दात आवळून बोलला.

"बघा. वहिनीच्या हातांची काय दशा केलीय. ज्यानं ही अवदसा आणली, त्याचे हात झडोत."

"झडले, भाऊजी," मधवाली म्हणाली.

दिराला कळलं नाही.

"आधी उजवा झडला, मग डावा. तुम्हीच तर दुधात घास कालवून भरवत होतात त्या हातांच्या माणसाला. वर्षभर भरवलंत."

नोंदवालीनं आपलं ताट हळूच खाली ठेवलं. मधवालीनं मग थांबायचं नाही असं ठरवलं आणि सगळं सांगितलं. उस्तादाची कुंडी, ओलं फडकं, मुक्कामागणिक एक काडी. "त्यांना काय ठाऊक, पुढं असं होईल. ते गेले तेव्हा अख्ख्या डोंगरावर डझनभर झुडपं होती, जास्त नाही. पण आणलं त्यांनीच. आणि मी काल खोटं बोलले. धारेपलीकडं एक जाळी आहे, झऱ्यावर. ती त्यांची नाही. माझ्या हातची आहे."

दीर उठला. भरलं ताट सोडून तो बाहेर गेला. वाड्यात मेंढरांची हालचाल ऐकू आली आणि मग तीही थांबली. जाऊबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली, आणि कोणाला म्हणाली ते कोणी विचारलं नाही. त्या रात्री मधवालीनं आपली लुगडी एका गाठोड्यात बांधली. उद्या या घरातून निघायची वेळ आली तर शोधाशोध नको.

सकाळी नोंदवाली आणि ती निघाल्या, तर मागं दीर. खांद्यावर दोन कुदळी. तो दोघींच्या वीस पावलं मागून चालत होता, एक शब्द बोलत नव्हता. अकराही मुक्काम वाटेत लागत नव्हते, पण तीन लागले. प्रत्येक जाळीपाशी त्याची पावलं मंदावली, हे मधवालीनं मागं न बघताही ओळखलं.

झऱ्यावर पोचल्यावर नोंदवालीनं फीत लावली. दिरानं एकदा खाली दरीकडं पाहिलं, एकदा शेंगांकडं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि सरळ मधोमध शिरला. हाताला फडकं बांधा, असं मधवालीनं म्हटलं ते त्यानं ऐकलं नाही. घाव घालायचा, ओढायचा, बाजूला फेकायचा. तिनं दुसरी कुदळ उचलली आणि त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. दुपारपर्यंत तिघांनी मिळून जाळीचा मधला तुकडा उघडा केला. बाकीच्यासाठी उद्या माणसं आणते, कचेरीला कळवलंय, शेंगा उकलायच्या आत सगळं होईल, असं नोंदवाली म्हणाली.

मग दिराची कुदळ दगडावर खणकली. त्यानं मुळं बाजूला केली. चार चपटे दगड होते, मातीत बुडालेले, पण जागचे न हललेले. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती काढायला लागला. चौथ्या दगडाखाली एक लहान खडा होता.

त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं, काठोकाठ भरलं आणि दगडांवर ठेवलं. तिघंही बघत राहिली. पाणी सांडलं नाही.

"पाचव्या मुक्कामाला मी आलो होतो," दीर म्हणाला. कालपासून पहिल्यांदा बोलत होता, आवाज घोगरा झाला होता. "तुमच्यासाठी दूध घेऊन. दादानं मला असाच पेला भरायला लावला होता. माझा सांडला तर म्हणाला, पुन्हा भर. सात वेळा भरायला लावला." तो नाक पुसत जरासा हसला. "फार चिकट माणूस."

नोंदवालीनं फळी मांडीवर घेतली. "मावशी, तो रकाना रिकामा ठेवला तरी चालतो," ती म्हणाली. "खूप ठिकाणी रिकामाच आहे."

मधवालीनं दिराकडं पाहिलं. यादीत लिहिलं की ते कायमचं, आणि जगात कुठंही कोणी वाचेल. नवऱ्याला सही येत नव्हती. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि लागणार ते असं.

"लिहा," दीर म्हणाला. "इथल्या मधवाल्यानं आणलं म्हणून लिहा. माशा उपाशी मरू नयेत म्हणून आणलं, हेही लिहा. तेवढी जागा आहे का?"

"आहे," नोंदवाली म्हणाली.

"आणि बारावी त्याच्या बायकोनं लावली," मधवाली म्हणाली. "तेही लिहा."

नोंदवालीनं सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. पडक्या भिंतीपासून झऱ्यापर्यंत, वर्षांसकट. मधवालीनं दोन ठिकाणी वर्ष दुरुस्त केलं. उतरायची वेळ झाली तशी तिनं ते दगड काढायला हात घातला, तर दिरानं तिला थांबवलं.

"दगड राहू द्या. इथं गवत धरायला दोन वर्षं जातील. तोवर मी तिपानी चारा पेरतो. मेंढरांना चालतो, माशांनाही चालतो. पेट्या आणून ठेवा. आता इतक्या मापात बैठक कोण मांडणार आहे?"

संध्याकाळी सगळी जेवायला बसली. जाऊबाईनं ताटं वाढली. सवयीनं तिघीही थांबल्या, कुणीच घास उचलला नाही. दीर ताटासमोर नुसता बसून होता. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत सुजले होते, बोटं मिटत नव्हती, काट्यांच्या जागा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. तो हातांकडं बघत होता.

"चार वर्षं मी त्याच्या हातांना बोलत होतो," तो म्हणाला.



मग त्यानं ते हात मांडीवर ठेवले आणि ताट वहिनीकडं सरकवलं. "जरा कालवून द्या," तो म्हणाला. "दूध घाला थोडं."

मधवालीनं ताट आपल्याकडं ओढलं, दूध घातलं आणि कालवायला लागली.